केवड्याचा रंग कुणाचा?

केवडा म्हटले की डोळ्यांपुढे येते ती सोनेरी पात, गौरी-गणपतीच्या दिवसांतली, वेणीत माळलेली. मराठवाड्यात भेंडी लावणाऱ्या माणसापुढे हाच शब्द उच्चारून बघा. तो मुकाट्याने जवळचे एक पान उलटे करून खाली पांढऱ्या माश्या बसल्यात का ते पाहील. भेंडीवरचा केवडा म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडून त्यांचे जाळे उमटणे. पुढे जाळ्यामधला हिरवा भागही विरत जातो आणि शेंड्याकडची पाने अख्खी पिवळसर पांढरी, खरोखरच केवड्याच्या पातीसारखी दिसू लागतात. शेंग फिकी, आखूड आणि राठ निघते. काही भागांत याला हळद्या म्हणतात. दोन्ही नावे रंगावरून पडलेली, आणि दोन्ही नावे देणाऱ्यांची नजर पक्की.

हा रंग नेमका कुणामुळे येतो, या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळाले ते २००३ साली, दूर मदुराईत. पण उत्तर मिळण्याच्या कितीतरी आधी या रोगाशी दोन हात झाले होते, आणि त्या झुंजीचे दोन मोठे अंक आपल्याच रेल्वेमार्गावर घडले. मनमाडहून निघालेली गाडी औरंगाबाद, जालना, परभणी करत नांदेडकडे जाते. त्यातल्या जालन्याला एका भेंडीने बियाण्याच्या धंद्यात उभे राहायला मदत केली. पुढे तीच भेंडी केवड्यापुढे हरली तेव्हा परभणीला दोन संशोधकांनी दुसरी भेंडी घडवली. आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या जाधववाडीच्या बाजारात भेंडीची पोती उतरतात तेव्हा ही कहाणी कुणाला आठवण्याचे कारण नाही. म्हणून ती सांगायला हवी.

आरंभ मात्र पुण्याचा. १९२४ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात जी. एस. कुळकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांवरील मोझॅक रोगांबद्दल लिहिले आणि त्यात भेंडीच्या या रोगाची नोंद आली. औरंगाबाद, जालना, परभणी ही गावे तेव्हा निजामाच्या राज्यात. पुण्यातल्या शास्त्रज्ञाचे कामकाज इलाख्याच्या हद्दीपाशी संपत असे. रोग वाहून नेणाऱ्या पांढऱ्या माशीला असला परवाना लागत नव्हता.

त्या काळी विषाणू म्हणजे काय हेच धड ठरलेले नव्हते. जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून रोगट तंबाखूचा रस गाळला तरी त्यात रोग उरतो, एवढे रशियातल्या इवानोवस्कीने १८९२मध्ये दाखवले होते. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, भांड्यात काही वाढत नाही, तरी एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागतो. अशा अदृश्य शत्रूबद्दल विचारण्यासारखा एकच प्रश्न हाती होता: लागतो कसा?

हा प्रश्न भेंडीला नीट विचारला तो बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर या तिघांनी. १९४० साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचे छोटे टिपण आले. वर्मा आणि कपूर यांनी पुण्यात पुढची दहा-बारा वर्षे हे काम चालू ठेवले. १९५० आणि १९५२चे त्यांचे निबंध आजही या विषयाचा पाया मानले जातात. त्यांची पद्धत ऐकायला सोपी आहे. रोगट पानाचा रस काढून निरोगी पानावर चोळला. रोग आला नाही. रोगट झाडाचे बी पेरले; रोप निरोगी निघाले. रोगट फांदीचे निरोगी झाडावर कलम केले; रोग आला. रोगट पानावर सोडलेल्या पांढऱ्या माश्या निरोगी रोपावर नेऊन बसवल्या, रोग आला.

या चार उत्तरांत किती दडले होते ते नंतर कळले. रस चोळून लागत नाही, कारण हा विषाणू पानाच्या वरवरच्या पेशींत फारसा राहतच नाही. त्याचा मुक्काम शिरांच्या आत, अन्नवाहिन्यांत. म्हणून पिवळेपणाही शिरांपासून सुरू होतो. पांढऱ्या माशीची सुईसारखी सोंड नेमकी या अन्नवाहिन्यांपर्यंत पोचते. तिने ओढलेला विषाणू आतड्याच्या भिंतीतून तिच्या शरीरद्रवात उतरतो, तिथून लाळग्रंथींत जातो आणि पुढच्या झाडाला सोंड लावली की लाळेबरोबर आत सोडला जातो. पळीने वाढल्यासारखे हे काम आहे. फक्त पळी जिवंत आहे आणि तिला पंख आहेत. कपाशी, वांगी, टोमॅटो आणि कित्येक तणे या माशीला चालतात. कपाशीच्या मुलखात भेंडी लावणे म्हणजे तिच्या अंगणात पाट मांडणे.

वेळेचा हिशेब १९७४ साली शास्त्री आणि सिंह यांनी मांडला. बी उगवल्यापासून ३५ दिवसांत केवडा आला तर ९४ टक्के उत्पन्न जाते. ५० दिवसांनी आला तर ८४ टक्के, आणि ६५ दिवसांनी आला तर ४९ टक्के. शेतकऱ्याच्या भाषेत याचा अर्थ असा की महिनाभराच्या आत पिवळे पान दिसले तर नांगर घालावा.

आता दिल्लीकडे वळू. स्वातंत्र्यानंतर भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातून भेंडीची बियाणी जमवून केवड्याच्या पट्ट्यात लावून पाहिली. बंगालकडून आलेल्या एका नमुन्यावर रोग दिसला नाही. त्याचा वहीतला क्रमांक आयसी-१५४२. त्याचा संकर ‘पुसा मखमली’ या देखण्या वाणाशी केला आणि १९६०च्या आसपास ‘पुसा सावनी’ हा वाण देशाला मिळाला. हिरवीगार, पाच धारांची, लवचीक शेंग आणि केवड्याने भरलेल्या शेतातही हिरवे राहणारे झाड. सिंग यांच्या चमूने १९६२मध्ये लिहिले की ही प्रतिकारशक्ती दोन अप्रभावी जनुकांवर चालते.

इथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज इथे आहे. आयसी-१५४२ या झाडात विषाणू शिरत नव्हता असे नाही. तो शिरायचा, आत वाढायचाही. पण पान पिवळे पडत नसे. शास्त्रीय भाषेत हा लक्षणे न दाखवणारा वाहक. अंगात ताप असूनही कपाळाला हात लावल्यावर थंड लागणारा माणूस असतो, तसा. पुसा सावनीला जो वारसा मिळाला तो विषाणू अडवण्याचा नसून रंग न दाखवण्याचा होता. त्या वेळी या फरकाने काही बिघडले नाही. शेतकऱ्याला हिरवी शेंग हवी होती आणि ती मिळत होती.

पुसा सावनी जालन्यात पोचली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. इथल्या बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्याच्या कामाला हात घातला तेव्हा सुरुवातीच्या पिकांत ही दिल्लीची भेंडी होती. त्या काळी भाजीचे बी म्हणजे घरच्या परसात वाळवून, राखेत घालून मडक्यात ठेवलेले बी. शेतकऱ्याने बियाण्याला पैसे मोजावेत ही कल्पनाच अनेकांना विचित्र वाटे. पण शेजारच्या शेतात सगळी भेंडी पिवळी आणि या शेतात हिरवी, हे दृश्य बघितल्यावर पैसे मोजायला वेगळ्या जाहिरातीची गरज उरत नाही. १९६४ साली बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘महिको’, स्थापन केली. पुढे ज्वारी, बाजरी, कपाशी आली, जालना बियाण्यांचे गाव झाले, आणि १९९८मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याचे नाव घेतले की लोक स्टीलच्या गिरण्या आणि मोसंबी आठवतात. माझ्या मते त्या यादीत भेंडीलाही जागा हवी. एका विषाणूच्या धाकाने या गावाला बियाणे विकत घ्यायला आणि विकायला शिकवले.

पुसा सावनीचे राज्य मात्र फार काळ टिकले नाही. सत्तरच्या दशकात तिच्याही पानांवर पिवळ्या शिरा उमटू लागल्या. आधी तुरळक, मग पट्ट्यापट्ट्याने. बियाण्यात भेसळ झाली असेल, शेजारच्या वाणाशी पराग मिसळला असेल असे प्रथम वाटणे साहजिक होते, आणि काही ठिकाणी ते खरेही असेल. पण चोख बियाणेही हरू लागले तेव्हा कबूल करावे लागले की झाड तेच आहे, विषाणू बदलला आहे.

या टप्प्यावर परभणी पुढे येते. मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची. तो दुष्काळाचा काळ. मराठवाड्याला स्वतःचे कृषी विद्यापीठ हवे म्हणून केवढी आंदोलने झाली हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. या नव्या विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीचा प्रश्न हाती घेतला. लागवडीच्या भेंडीत, म्हणजे घरातल्या घरात, पुरेशी ताकद उरली नव्हती. तेव्हा त्यांनी रानातल्या नातेवाइकांकडे मोर्चा वळवला.

ही दिशा पूर्वी कुणी सुचवली नव्हती असे नाही. दिल्लीत नरियानी आणि सेठ यांनी १९५८ सालीच भेंडीच्या रानटी जातींवर केवड्याची परीक्षा घेतली होती आणि काही जाती त्यातून सहीसलामत निघाल्या होत्या. पण रानभेंडीची सोयरीक करणे सोपे नाही. पावसाळ्यात डोंगरउतारावर रानभेंडी फुलते. पिवळे मोठे फूल, मध्यभागी गर्द तांबडा डोळा, भेंडीचीच बहीण वाटावी असे. शेंगेला हात लावला की मात्र नाते विसरायला होते: आखूड, जाड, कुसळी. शिवाय आतला हिशेब वेगळा. आपल्या भेंडीच्या बहुतेक वाणांत १३०च्या आसपास गुणसूत्रे असतात. रानटी जातींत तो आकडा जातीगणिक बदलतो. अशा दोघांचे मूल जन्मले तरी त्याला पुढे मूल होईलच याची खात्री नसते.

जांभळे आणि नेरकर यांनी मॅनिहॉट या रानटी जातीचे दोन प्रकार घेतले आणि त्यांचा संकर केला तो पुसा सावनीशी. भेंडीच्या फुलाचा संकर करायचा म्हणजे आदल्या दिवशी दुपारनंतर, उद्या उमलणारी कळी ओळखून, पाकळ्यांचे टोपण अलगद उघडून पुंकेसर खुडायचे आणि कळी झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल उमलले की निवडलेल्या झाडाचे पराग त्यावर लावायचे आणि चिठ्ठी बांधायची. आज जालना, देऊळगाव राजा भागातल्या बियाण्याच्या प्लॉटवर मजूर बायका जे ‘क्रॉसिंग’ करतात ते हेच. परभणीतले काम एवढेच वेगळे की तिथे फळ धरेल की नाही याचीच शंका होती.

फळ धरले. संकरित रोपे उभी राहिली, ती पूर्ण वांझ निघाली नाहीत. काही बी देणारी होती. आणि केवड्याच्या पट्ट्यात लावल्यावर ती हिरवी राहिली. पहिल्याच पिढीत हिरवी राहिली, याचा अर्थ रानभेंडीची देणगी प्रभावी आहे. दिल्लीच्या बंगाली नमुन्यातल्यासारखी दबून राहणारी नाही. मग दुसरी पिढी, मग पुन्हा पुसा सावनीशी संकर, मग त्याची पुढची पिढी. प्रत्येक पिढीत काम एकच: रोप मोजायचे आणि हिरवे की पिवळे एवढे लिहायचे. मेंडेलने वाटाण्याच्या बागेत जे केले तेच परभणीच्या काळ्या रानात चालले होते. रोपांचे प्रमाण जुळत गेले आणि १९८१ साली ‘थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: दोन्ही रानटी प्रकारांत केवड्याची प्रतिकारशक्ती प्रत्येकी एकाच प्रभावी जनुकाच्या हाती आहे.

त्या निबंधात एक लहानसे विशेषण आहे, ते वाचताना मी थबकलो. पुसा सावनीचे वर्णन त्यात ‘रोगाला बळी पडणारा वाण’ असे आहे. वीस वर्षांपूर्वी जो वाण केवड्यावरचा देशाचा इलाज म्हणून आला, ज्याच्या जोरावर जालन्यात धंदा उभा राहिला, तो आता प्रयोगात दुबळ्या बाजूला उभा होता. असे विशेषण लिहिताना संशोधकाचा हात थरथरत नाही. शास्त्रात हे रोजचेच आहे.

एक जनुक सापडणे ही पैदासकाराला लॉटरी. दहा जनुकांची पालखी असती तर प्रत्येक वेळी मागे-पुढे संकर करताना कुणीतरी खांदा सोडलाच असता. एकच जनुक असेल तर त्याला पिवळ्या-हिरव्याच्या परीक्षेतून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आणता येते आणि बाकीचे रानटीपण, ती कुसळ, तो जाड आकार, पुसा सावनीशी पुन्हा पुन्हा लग्न लावून धुऊन काढता येते. तेच केले गेले. त्यातून १९८५ साली आली ‘परभणी क्रांती’. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या ‘हॉर्टसायन्स’मध्ये जांभळे आणि नेरकर यांनी तिची जगाला ओळख करून दिली. शेंग सडपातळ, गडद हिरवी, पुसा सावनीच्याच वळणाची. आणि केवड्यात हिरवी. हा वाण महाराष्ट्राबाहेरही दूरदूर पेरला गेला. परभणी हे नाव देशातल्या कित्येक शेतकऱ्यांनी प्रथम बियाण्याच्या पाकिटावर वाचले असणार.

गंमत अशी की हे सगळे घडत असताना केवड्याचा विषाणू प्रत्यक्षात कसा आहे हे कुणालाच नीट माहीत नव्हते. जांभळे आणि नेरकर यांनी त्याला पाहिले नव्हते. त्यांना पाहायची गरजही नव्हती. झाड काय करते ते पाहून त्यांनी झाडाचा कायदा शोधला. शत्रूचा चेहरा न बघता लढाई जिंकण्याची ही तऱ्हा शेतीत जुनी आहे, पण तिच्यात एक धोका असतो. आपण नेमके कुणाला अडवले ते कळत नाही.

चेहरा दिसू लागला तो दुसऱ्याच दिशेने. विषाणूच्या आतला न्यूक्लिइक आम्लाचा धागा सुटा काढून झाडाला दिला तरी रोग होतो, हे तंबाखूच्या विषाणूबाबत १९५६मध्ये सिद्ध झाले होते. तो धागा आरएनएचा. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूंतही तसेच असेल असा समज होता. १९७७ साली अमेरिकेत रॉबर्ट गुडमन यांनी घेवड्याच्या सोनेरी मोझॅक विषाणूतून जो धागा काढला तो डीएनएचा निघाला, तोही एकेरी, आणि पुढे कळले तसा गोल. आणि एकटा दिला तरी रोग लावणारा. या विषाणूंचे कण सूक्ष्मदर्शकात जुळ्यांसारखे, दोन गोळे चिकटून बसलेले दिसत. मिथुन राशीवरून त्यांना जेमिनीविषाणू नाव मिळाले. भेंडीचा केवडा याच कुळातला.

आता प्रश्न सोपा वाटत होता. धागा काढा, त्याची प्रत तयार करा, भेंडीला द्या, पान पिवळे पडले की काम संपले. रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेला दंडकच आहे तो: रोग्यातून कारण वेगळे काढा, निरोग्याला द्या, तोच रोग उभा राहिला तर कारण सिद्ध. पण या कुळातल्या काही विषाणूंनी दगा दिला. धाग्याची प्रत झाडात शिरायची, पसरायची, आणि रोग नीट उमटायचाच नाही. काहीतरी हातातून निसटत होते.

ते निसटणारे सापडले २००० साली, इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इनेस केंद्रात, ओसाडी या साध्या तणावर. विषाणूच्या मुख्य धाग्याबरोबर त्याच्या निम्म्याने लहान असा आणखी एक गोल धागा फिरत होता. तो स्वतःची प्रत काढू शकत नाही, स्वतःचे कवच बनवू शकत नाही. दोन्हींसाठी विषाणूवर अवलंबून. म्हणून त्याला उपग्रह म्हटले, बीटा उपग्रह. पुढच्या वर्षी कपाशीच्या पानमुरड रोगातही असाच उपग्रह सापडला. याच संशोधकांनी २००३मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. इसवी सन ७५२मध्ये जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांनी भर उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या एका रोपावर कविता लिहिली होती. त्या जातीच्या रोपांवरचा तो पिवळेपणाही विषाणू आणि त्याचा उपग्रह या जोडीचा निघाला. वनस्पतींच्या विषाणुरोगाची ही सर्वांत जुनी लेखी नोंद मानतात. तिथे सम्राज्ञीने रंग पाहून कविता केली, इथे शेतकऱ्याने रंग पाहून नाव ठेवले.

त्याच वर्षी भेंडीचा निकाल लागला. मदुराई कामराज विद्यापीठात जॉयस जोस आणि आर. उषा यांनी केवड्याच्या विषाणूचा मुख्य धागा वेगळा काढला. लांबी साधारण २,७०० अक्षरे. उपग्रहही वेगळा काढला. साधारण १,३५० अक्षरे. माणसाच्या जनुकसंचात ही अक्षरे ३०० कोटी असतात, यावरून भेंडीचे शेत उद्ध्वस्त करायला किती थोडे लिहावे लागते ते समजावे. आता हे धागे झाडात घालायचे कसे? पुण्याच्या वर्मा-कपूर यांनी साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते की रस चोळून काही होत नाही. म्हणून जोस आणि उषा यांनी मातीतल्या एका जिवाणूची मदत घेतली. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू स्वतःचा डीएनए झाडाच्या पेशीत सोडण्यात पटाईत. त्याच्या पोटात विषाणूचा धागा, एका दमात पूर्ण गोल सुटून येईल अशा रीतीने जोडून ठेवायचा आणि त्या जिवाणूने रोपाला टोचायचे. पांढऱ्या माशीचे काम जिवाणूकडून करून घ्यायचे.

काही रोपांना त्यांनी एकटा विषाणू दिला. तो पसरला, झाडभर गेला. पाने जरा मुरडली, एवढेच. काही रोपांना विषाणू आणि उपग्रह दोन्ही दिले. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. केवडा आला.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याने ज्या रंगावरून रोगाचे नाव ठेवले, तो रंग विषाणूने आणलेलाच नाही. तो आणतो त्याच्या पदराला धरून फिरणारा, एकट्याने काहीच न करू शकणारा तो चिमुकला गोल. उपग्रहावर एकच महत्त्वाचे जनुक असते आणि त्यापासून बनणारे प्रथिन झाडाची मुख्य संरक्षणव्यवस्था बंद पाडते. झाड घुसखोराचा संदेश ओळखून त्याचे तुकडे करते. हे प्रथिन त्या कात्रीला गंज चढवते. मग विषाणू मोकाट सुटतो.

या निकालाच्या उजेडात मागचे सगळे वेगळे दिसते. आयसी-१५४२ मध्ये विषाणू होता आणि रंग नव्हता, ही साठच्या दशकातली नोंद तेव्हा चमत्कारिक वाटली असेल. पण संसर्ग आणि लक्षण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्या बंगाली भेंडीने आपल्या परीने तेव्हाच सांगितले होते. परभणीच्या वह्यांत हिरवे आणि पिवळे असे दोनच रकाने होते. हिरव्या रकान्यातल्या झाडांत विषाणू अजिबात नव्हता, की तो होता आणि त्याचा सोबती निष्प्रभ झाला होता, हे रंगावरून सांगता येणार नव्हते. यात जांभळे-नेरकर यांचा दोष काढणे अन्याय ठरेल. त्यांच्या हातात होते ते डोळे आणि मेंडेलचे गणित, आणि एवढ्या भांडवलावर त्यांनी देशाला एक वाण दिला. आज प्रयोगशाळेत पानाचा तुकडा टाकून काही तासांत विषाणू आहे की नाही ते कळते. तरीही नवा वाण निवडताना शेवटचा निकाल शेतात उभे राहून, रंग बघूनच देतात.

परभणी क्रांतीचेही पुढे पुसा सावनीसारखेच झाले. पहिली काही वर्षे तिने शब्द पाळला. नंतर तिच्याही शिरा पिवळ्या दिसू लागल्या. एका प्रभावी जनुकाचे जे बळ, तेच दुबळेपण: एक कुलूप, एक किल्ली. आणि विषाणूकडे किल्ल्या घडवण्याचा कारखाना आहे. एकाच झाडात दोन जातींचे जेमिनीविषाणू शिरले तर त्यांचे धागे तुटून एकमेकांना जुळतात आणि तिसराच विषाणू तयार होतो. केवडा म्हणून आपण ज्याला एकाच नावाने हाक मारतो तो प्रत्यक्षात अनेकांचा मेळा आहे. दिल्लीच्या आणि भुवनेश्वरच्या नावाने वेगळ्या जाती नोंदल्या गेल्या आहेत, शिवाय पाने मुरडून खाली फुटवे आणणारा आणखी एक चुलता आहे. त्यांच्यातला उपग्रह मात्र एका विषाणूला सोडून दुसऱ्याचा पदर धरायला कमी करत नाही.

आता बाजारात संकरित बियाणे आहे, आणि त्यातले बरेच जालन्याच्या आसपासच्या प्लॉटवर हाताने क्रॉसिंग करून तयार होते. पाकिटावरचा शब्दही बदलला आहे. पूर्वी ‘रोगप्रतिकारक’ लिहीत, आता ‘सहनशील’ लिहितात. हा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. शेतकऱ्याने मात्र पाकिटावर विसंबून पहिला महिना झोपू नये. पिवळे चिकट सापळे लावावेत, पहिले पिवळे झाड दिसताच ते उपटून शेताबाहेर न्यावे, कपाशीच्या शेजारची जागा टाळावी. ३५ दिवसांचे ते गणित अजून खोटे ठरलेले नाही.

नव्या भेंडीची केवड्याविरुद्ध परीक्षा घेताना पैदासकार दर काही ओळींनंतर आणि प्लॉटच्या कडेने रोगाला हमखास बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ लावतात, म्हणजे रोग तिथून सगळीकडे पसरतो आणि परीक्षा कडक होते. ती ओळ अनेक ठिकाणी आजही पुसा सावनीचीच असते.